रद्द होणारे तिकीट

परदेशी विमानाने जायचे ठरले की माणूस विमानाचा विचार सर्वांत शेवटी करतो, हे मला आमच्या ब्रिस्बेनच्या बेतावरून कळले. धाकटा भाऊ ऑस्ट्रेलियात स्थायिक झाला, त्याने घर घेतले, आणि ‘दादा, आता तरी या,’ असा दर रविवारी फोन सुरू झाला. तिकडचे घड्याळ साडेचार तास पुढे. त्यामुळे त्याचे रात्रीचे जेवण होते आणि आमची वामकुक्षी मोडते.

आधी महिना ठरवायला बसलो. धाकटा म्हणाला, जुलैत या, इकडे हिवाळा, हवा कोरडी. मी म्हटले, बाबा रे, जुलैत महाडकर घर सोडीत नाही. २२ जुलै २०२१ ला बाजारपेठ पाण्याखाली गेली आणि त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली. ते पाहिलेला माणूस जुलैत परगावच्या लग्नालाही दहादा विचार करून जातो. बरे, जानेवारीत जावे, तर तेव्हा तिकडे पावसाळा. त्यांच्याही नदीला जानेवारी २०११ त आणि पुन्हा फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस मोठे पूर आले होते. म्हणजे हा गृहस्थ सावित्रीकाठ सोडून दहा हजार किलोमीटर गेला तो पुन्हा नदीकाठीच!

शेवटी ऑक्टोबर ठरला. मुंबई ते सिंगापूर साडेपाच तास, पुढे ब्रिस्बेन साडेसात-आठ तास. महाड ते विमानतळ किती तास, हे मात्र कोणतीच विमान कंपनी छापीत नाही.

हिला भीती समुद्राची. ‘खाली नुसतं पाणी हो!’ मी म्हटले, दर महिन्याला नणंदेकडे पोलादपूरला जातेस, तेव्हा खाली काय असते? बोललो आणि जीभ चावली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तिथला जुना पूल दोन एसट्यांसकट सावित्रीत गेला, तेव्हा आत बसलेल्यांपैकी कोणीही विम्याचा फॉर्म भरून निघाले नव्हते. नवा पूल १६५ दिवसांत झाला, ही पुन्हा जाऊ लागली. पण मध्यावर आली की अजूनही हात जोडते.

मग तिकिटाचा प्रश्न आला, आणि खरी अडचण तिथे. तिकिटे दोन जातींची. एक साधे, म्हणजे गेलात तर गेलात, पैसे परत नाहीत. दुसरे रद्द होणारे, ते माणशी अकरा हजारांनी महाग. एजंट म्हणाला, ‘साहेब, घरात काही अडचण येण्यासारखी असेल तर हेच घ्या.’

घरात अडचण येण्यासारखे एकच माणूस होते, आणि ते त्या वेळी ओट्यावर बसून तांदूळ निवडीत होते. आई ब्याऐंशी वर्षांची. आम्ही नसताना पोलादपूरला बहिणीकडे राहणार होती.

आता बघा. महाग तिकीट घ्यावे, तर आईच्या आजारपणावर बावीस हजार लावल्यासारखे होते. स्वस्त घ्यावे, तर काहीही झाले तरी आम्ही जाणारच, असे लिहून दिल्यासारखे होते. बँकेत आम्ही बुडीत कर्जासाठी तरतूद करतो, म्हणून कर्जदार बुडावा अशी इच्छा असते असे नव्हे. पण ती तरतूद आम्ही कर्जदाराला समोर बसवून करीत नाही. वाणिज्य शाखेच्या चार वर्षांत मला हा एवढा एक जमाखर्च कोणी शिकवला नाही.

आठ दिवस मी ‘बघू’ म्हणत राहिलो. एका संध्याकाळी आईनेच विचारले, ‘कशावर अडलंय रे?’

‘काही नाही. एक तिकीट जरा महाग आहे.’

‘का महाग?’

‘ते रद्द करता येतं.’

आईने सुपातला एक खडा काढून बाजूला ठेवला. मग दुसरा. ‘किती जास्त?’

मी आकडा सांगितला.

‘एवढे? साधंच काढ,’ ती म्हणाली. ‘ऑक्टोबर संपेपर्यंत मी कुठं जात नाही.’

ही आत चुलीपुढून उगाचच मोठ्याने खोकली.

दुसऱ्या दिवशी मी रद्द होणारीच तिकिटे काढली. घरी ‘साधी काढली’ म्हणून सांगितले. आमच्या घरखर्चाची वही आई रोज दुपारी चष्मा लावून वाचते. म्हणून वीस वर्षांत प्रथमच मी खोटी नोंद केली: बावीस हजार रुपये, किरकोळ.

तिने ती वाचली आहे. कारण त्या आकड्याखाली पेन्सिलीची एक बारीक रेघ आहे, आणि ती मी ओढलेली नाही.