एकट्या ठिपक्याचं काय करायचं?

जानेवारीतल्या एका अमावास्येच्या रात्री वांगणीजवळच्या एका शेतात मी मृग नक्षत्राचे आणि त्याच्या पायाशी असलेल्या शशक तारकासमूहाचे फोटो काढत होतो. कॅमेरा ट्रॅकरवर, एकेका मिनिटाचं एक्स्पोजर. घरी येऊन फोटो मोठा करून पाहिला, तर ताऱ्यांमध्ये लाल, हिरवे, निळे ठिपके पेरल्यासारखे दिसत होते. रात्रीच्या आकाशाचे फोटो काढणाऱ्यांना हे नवीन नाही. यांना हॉट पिक्सेल म्हणतात. दीड तास बसून मी ते एकेक करून पुसले. फोटो स्वच्छ झाला, लोकांना आवडला.

आठवड्याने एका मित्राने विचारलं, "शशकातला तो लाल तारा कुठे गेला रे?"

तो तारा म्हणजे आर लेपोरिस. 1845 मध्ये जॉन रसेल हिंड यांच्या नजरेला तो पडला आणि त्यांच्याच नावाने 'हिंडचा किरमिजी तारा' म्हणून ओळखला जाऊ लागला. त्याच्या बाह्य वातावरणातला कार्बन निळा प्रकाश शोषून घेतो, म्हणून तो इतका लाल. शिवाय तो रूपविकारी आहे. सुमारे चौदा महिन्यांच्या चक्रात कधी काळोख्या आकाशात नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसेल इतका उजळतो, तर कधी दुर्बिणीशिवाय सापडत नाही. माझ्या फोटोत तो होता. मी त्याला पुसला होता.

तेव्हापासून एक प्रश्न मनात आहे. मी खोटं बोललो का?

हॉट पिक्सेल म्हणजे खरं तर एक खोटी साक्ष असते. प्रकाश पडला नाही तरी सेन्सरच्या सिलिकॉनमध्ये उष्णतेमुळे इलेक्ट्रॉन सुटत राहतात. काही पिक्सेलमध्ये ही गळती शेजाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त असते. तापमान सहा-सात अंशांनी वाढलं की ती साधारण दुप्पट होते, आणि एक्स्पोजर जितकं लांब, तितकी ती साठत जाते. प्रत्येक पिक्सेलवर एकाच रंगाचा फिल्टर असल्यामुळे हे ठिपके लाल, हिरवे, निळे दिसतात. म्हणजे काहीही न पाहता 'मी पाहिलं' असं सांगणारा हा साक्षीदार. त्याला बाजूला काढणं हे सत्याशी इमान राखणंच आहे.

प्रश्न आहे तो कसं काढायचं याचा. सोपा नियम असा: ताऱ्याचा प्रकाश लेन्समधून येताना थोडा पसरतो, आसपासच्या पिक्सेलवरही पडतो; म्हणून ज्या ठिपक्याला शेजारी नाहीत तो खोटा. काही कॅमेरे आणि सॉफ्टवेअर हाच नियम आपोआप लावतात. पण लेन्स चांगली असेल आणि ताऱ्याचं बिंब एकाच पिक्सेलवर नेमकं पडलं, तर खरा तारासुद्धा या नियमात मरतो. मी हाताने तेच केलं. एकटा आहे आणि रंग भडक आहे, एवढ्यावर निकाल दिला.

एकटा साक्षीदार खोटाच असतो का? आपल्या 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 134 ने, एखादी गोष्ट सिद्ध करायला साक्षीदारांची ठरावीक संख्या लागत नाही, असं स्पष्ट केलं होतं. एकट्याची साक्षही पुरते. ती पारखून घ्यावी लागते, इतकंच.

पारखण्याचे दोन मार्ग प्रत्येक छायाचित्रकाराला माहीत असतात. पहिला डार्क फ्रेमचा. लेन्सला झाकण लावायचं आणि तेवढ्याच वेळाचा, तेवढ्याच आयएसओचा, तेवढ्याच तापमानाला काळोखाचा फोटो काढायचा. त्यात जे दिसेल ते आकाशाचं नाही, आपलं. ते मूळ फोटोतून वजा करायचं. एकाच डार्क फ्रेमची स्वतःची खरखर त्यात मिसळते, म्हणून वीसेक काढून सरासरी घ्यायची. संध्याकाळच्या उबेत काढलेली डार्क फ्रेम पहाटेच्या गारठ्यातल्या फोटोला चालत नाही. आपले दोष ज्या परिस्थितीत घडतात, त्याच परिस्थितीत तपासावे लागतात.

दुसरा मार्ग डिदरिंगचा. दर काही फोटोंनंतर कॅमेऱ्याची दिशा किंचित हलवायची. मग सगळे फोटो तारे जुळवून एकावर एक ठेवायचे. जे ताऱ्यांबरोबर जागेवर राहतं ते आकाशाचं. जे आपल्याबरोबर सरकतं ते आपलं. पूर्वग्रह ओळखायची याहून साधी कसोटी मला माहीत नाही.

मी यातलं काहीच केलं नव्हतं. आकाश एवढं उघडलेलं असताना झाकण लावून वीस मिनिटं काळोखाचे फोटो काढायचे, हे जिवावर आलं होतं. पहाटेची लोकलही गाठायची होती.

कुणी म्हणेल, भिंतीवर लावायचा फोटो तो, त्यात एवढं काय? ताऱ्याचं काही बिघडलं नाही, हे खरंच. पण 20 सप्टेंबर 2016 ला अर्जेंटिनातल्या रोसारिओ शहरात व्हिक्टर बुसो नावाचा हौशी खगोलनिरीक्षक घराच्या गच्चीवरून नवा कॅमेरा तपासत होता. एनजीसी 613 या दीर्घिकेचे तो वीस-वीस सेकंदांचे फोटो घेत होता. त्यांत आधी नसलेला एक ठिपका उमटला. नव्या कॅमेऱ्याचा दोष म्हणून तो सहज सोडून देता आला असता. त्याने पुढचे फोटो पाहिले. ठिपका टिकून होता, उजळत होता. तो एका अतिनवताऱ्याच्या स्फोटाचा अगदी पहिला प्रकाश होता. 2018 मध्ये 'नेचर'मध्ये त्यावरचा शोधनिबंध आला.

मी खोटं बोललो नाही. तो ठिपका खोटा आहे असं मला मनापासून वाटत होतं. माझी चूक त्याआधीची आहे: ते खरं की खोटं हे कळायची सोय हाताशी असताना मी ती टाळली, आणि टाळल्यानंतरही खात्रीने पुसलं. प्रामाणिकपणे चुकलो असं म्हणायला आधी तपासायचे कष्ट घेतलेले असावे लागतात.

डार्क फ्रेमनेही सगळं सुटत नाही. एखादा पिक्सेल गळतीनेच काठोकाठ भरला असेल, तर त्याखाली तारा होता की नाही हे त्या फोटोतून कधीच कळणार नाही. शेजाऱ्यांवरून तिथे रंग भरतात तो अंदाजच. तो भरावा, पण अंदाज आहे हे लक्षात ठेवून, आणि मूळ फाइल जपून.

माझी मूळ फाइल मी जपली होती. परवा ती पुन्हा उघडली आणि तो लाल ठिपका जागेवर ठेवला. बाकी पुसलेल्या ठिपक्यांत आणखी कोण होतं, ते त्या एका फोटोवरून सांगता येत नाही. या हिवाळ्यात पुन्हा वांगणीला जाईन तेव्हा झाकण खिशात ठेवणार आहे.