सवय झाली म्हणून अन्याय संपतो काय?



माणूस कशालाही सरावतो असे आपण म्हणतो, आणि ही त्याची शक्ती आहे असे मानतो. परंतु माणूस एखाद्या अन्यायाला सरावला म्हणजे तो अन्याय उरत नाही, असे म्हणता येईल काय? आणि सरावणारे जर सात वर्षांचे मूल असेल, तर? हाच प्रश्न मला आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

कांजूरमार्ग स्थानकाच्या पूर्वेला, द्रुतगती महामार्ग ओलांडला की ठाण्याच्या खाडीकाठी मुंबई महानगरपालिकेचे डंपिंग ग्राउंड आहे. देवनारचे डंपिंग १९२७ पासूनचे. मुलुंडचे २०१८ मध्ये बंद झाले, आणि शहराच्या कचऱ्याचा फार मोठा वाटा, दररोज पाच हजार टनांहून अधिक, कांजूरला येऊ लागला. येथे कचरा नुसता ओतला जात नाही, त्यावर शास्त्रीय प्रक्रिया केली जाते, हे सांगितले पाहिजे. तरीही कांजूर, भांडुप आणि विक्रोळीच्या रहिवाशांनी दुर्गंधीच्या तक्रारी वर्षानुवर्षे केल्या आहेत, हेही तितकेच खरे आहे.

कचरा कुजताना जे वायू सुटतात त्यांत हायड्रोजन सल्फाइड असतो. कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो तो त्याचाच. या वायूचा एक गुण ध्यानात घेण्याजोगा आहे. काही वेळाने नाकाला त्याचा वास येईनासा होतो. वायू हवेत असतोच, फक्त नाक सांगायचे थांबते. आपण ज्याला सवय म्हणतो ती पुष्कळदा अशीच असते. त्रास संपलेला नसतो, त्रासाची खबर देणारा गप्प झालेला असतो.

मुलाच्या बाबतीत हे अधिक गंभीर आहे. मूल मोठ्या माणसापेक्षा मिनिटाला अधिक वेळा श्वास घेते. वजनाच्या मानाने त्याच्या शरीरात अधिक हवा जाते. त्याच्या फुप्फुसांची वाढ तर विशीपर्यंत चालू असते. म्हणजे जी हवा मोठ्यांच्या तयार शरीरात जाते, तीच हवा मुलाचे शरीर घडत असताना त्यात जाते. शिक्षक म्हणून मला एवढे ठाऊक आहे, की मूल अशा गोष्टींची तक्रार करीत नाही. आपण जन्मलो तेथील हवा अशीच असते, असे ते समजते. तुलना करायला त्याच्याजवळ दुसरी हवाच नसते.

येथे कोणी म्हणेल, "ज्याचे त्याचे नशीब! कोणी मलबार हिलला जन्मतो, कोणी कांजूरला." हा युक्तिवाद आपल्या ओळखीचा आहे. पूर्वकर्माच्या सिद्धांतावर बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात नेमके याच ठिकाणी बोट ठेवले आहे. दुबळ्याच्या दैन्याचे कारण त्याच्या मागल्या जन्मात शोधले, की राज्य आणि समाज दोघेही जबाबदारीतून मोकळे होतात, हा त्यांचा आक्षेप होता. नशीब हा शब्द त्याच सिद्धांताचा आजचा वेष आहे. कचऱ्याची गाडी कोठे रिकामी करावयाची हे नशीब ठरवीत नाही. तो निर्णय माणसे घेतात, कागदावर सह्या करून घेतात.

त्या कागदांचाच इतिहास पाहा. या जागेपैकी सुमारे १२० हेक्टर जमीन राज्य शासनाने २००९ मध्ये संरक्षित वनातून वगळली. त्याविरुद्ध 'वनशक्ती' या संस्थेने २०१३ मध्ये याचिका केली. मुंबई उच्च न्यायालयाने २ मे २०२५ रोजी शासनाचा तो निर्णय रद्द ठरविला; ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालास स्थगिती दिली. न्यायालयाचे काम कायद्याच्या गतीने चालते, त्यास माझा आक्षेप नाही. परंतु याचिकेच्या वर्षी कांजूरला जन्मलेले मूल निकालाच्या वर्षी सहावी-सातवीत पोहोचले होते. मोठ्यांचे प्रश्न पुढच्या तारखेला ढकलता येतात. बालपणाला पुढची तारीख मिळत नाही.

आता खरी अडचण. सव्वा कोटी लोकांचा कचरा कोठेतरी जाणारच! तो कांजूरहून उचलून दुसऱ्या गावच्या वेशीवर नेऊन टाका, असे म्हणणे हा न्याय नव्हे. गावाची घाण वेशीबाहेर टाकण्याची रीत या देशात जुनी आहे, आणि वेशीबाहेर कोण राहत होते हे आपल्या वाचकांस कोणी सांगावयास नको. जे ओझे मी माझ्या मुलावर नाकारतो, ते दुसऱ्याच्या मुलावर लादण्याचा मला अधिकार नाही. म्हणून प्रश्न जागा बदलण्याचा नसून ओझे कमी करण्याचा आणि सर्वांनी वाटून घेण्याचा आहे.

"मुले आजारी पडतात ती याच वायूमुळे कशावरून?" असेही विचारले जाते. एका मुलाच्या खोकल्याचे कारण मी सांगू शकत नाही. ते डॉक्टरांचे काम आहे. परंतु पुरावा कोणी द्यावयाचा? तामिळनाडूतील चामड्याच्या कारखान्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितले, की आपली कृती निरुपद्रवी आहे हे सिद्ध करण्याचा भार ती करणाऱ्यावर आहे. नीतीचा नियमही हाच असावा. ज्याने संमती दिली नाही आणि ज्याला मत नाही, त्याच्यावर पुरावा गोळा करण्याचे काम टाकू नये.

हे सारे दयेपोटी करावयाचे नाही. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकास पाठिंबा देताना बाबासाहेबांनी मातेची विश्रांती हा राष्ट्रहिताचा विषय मानला आणि तिचा भार शासनाने उचलला पाहिजे असे म्हटले. मुलाची काळजी ही केवळ घरची खाजगी बाब नाही, असाच त्याचा अर्थ होतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचे चोविसावे कलम मुलाच्या आरोग्याच्या हक्कात प्रदूषणाच्या धोक्याचा स्पष्ट उल्लेख करते. भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. दया करणाऱ्याला ती केव्हाही थांबविता येते, हक्काचे मात्र उत्तर द्यावे लागते.

तेव्हा वाचकहो, दोन गोष्टी करू या. ओला व सुका कचरा घरातच वेगळा करणे २०१६ च्या नियमांनी प्रत्येकाचे कर्तव्य ठरविले. ते आपल्या चाळीत, आपल्या सोसायटीत होते काय, हे पाहू या. ओला कचरा जेथे निर्माण होतो तेथेच त्याचे खत झाले, तर कांजूरला कुजायला तेवढा कमी जाईल. आणि वॉर्ड ऑफिसात जाऊन लेखी विचारू या, की आमच्या शाळांजवळची हवा कोण मोजते, केव्हा मोजते आणि ते आकडे पालकांना का दाखवीत नाही. मुले सरावली आहेत म्हणून हा प्रश्न मिटलेला नाही. त्यांच्या वतीने विचारणारे आपण तरी सरावता कामा नये.