सोवळे आणि विलगीकरण

मार्च २०२० मध्ये जग घरात बसले, तेव्हा आपल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एका आशयाचे निरोप सारखे फिरू लागले. हस्तांदोलन नको, नमस्कार करा. बाहेरून आलात की हातपाय धुवा. स्मशानातून आल्यावर आंघोळ का करायची, ते आता कळले ना? थोडक्यात काय, आपले पूर्वज जे सोवळे पाळत होते तेच जग आज विलगीकरण म्हणून पाळते आहे! वाचून अनेकांना बरे वाटले. परदेशात राहणाऱ्याला आपल्या रीतीभातींचे कौतुक झाले की बरे वाटतेच. पण हे दोन्ही खरोखर एकच आहे का, हा प्रश्न काही माझी पाठ सोडीना.

वरवर पाहता साम्य आहे, आणि ते मी घरातच अनुभवत होतो. इथे कतारमध्ये पहिला रुग्ण २९ फेब्रुवारी २०२० रोजी आढळला. १० मार्चपासून शाळा बंद झाल्या, १८ मार्चपासून बाहेरून येणारी प्रवासी विमाने थांबली. त्या दिवसांत मी रुग्णालयातून परतलो की चपला दाराबाहेर, कपडे थेट मशीनमध्ये, मग आंघोळ आणि मग कोपऱ्यातली खोली. सौ. माझे ताट दारापाशी स्टुलावर ठेवून चार पावले मागे सरे. मुलगी लांबूनच हसून म्हणे, "बाबा, तुम्हाला कावळा शिवला!" लहानपणी सोवळ्यातली आजी "शिवू नकोस रे" म्हणून ओरडायची, ते आठवे. कृती तीच, अंतरही तेवढेच.

मग फरक कुठे आहे? मला वाटते, तो 'मी' कोणत्या बाजूला उभा आहे यात आहे. सोवळ्यातला माणूस म्हणतो, मी शुद्ध आहे, तुझ्यामुळे मी बाटेन, तू लांब हो. विलगीकरणातला माणूस म्हणतो, कदाचित मीच बाधित असेन, माझ्यामुळे तुला त्रास होऊ नये, म्हणून मी लांब होतो. कोरोनाचे वैशिष्ट्यच असे होते, की ज्याला ताप नाही, खोकला नाही, असा धडधाकट माणूसही तो दुसऱ्याला देऊ शकत होता. म्हणून तर सर्वांनी मास्क लावायचा. साध्या मास्कचा मोठा उपयोग आपल्या तोंडातले तुषार अडवण्याचा. तो आपल्यापेक्षा समोरच्याला अधिक जपतो. सगळ्यांनी स्वतःलाच ओवळे समजायचे, असे हे उलटे सोवळे!

दुसरा फरक मुदतीचा. विलगीकरणाला चौदा दिवस असे कारण असलेले माप होते. विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा तो काळ. मुदत संपली, तपासणी झाली, की माणूस पुन्हा पंगतीत. आपल्या समाजाने ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले, त्यांची मुदत मात्र पिढ्यान्‌पिढ्या संपली नाही. त्यांच्या अंगात कुठलाच जंतू नव्हता, की कुठली तपासणी त्यांना मोकळे करणार नव्हती. जंतू जात पाहत नाही. सोवळ्याने प्रामुख्याने जातच पाहिली. हातपाय धुण्याची सवय चांगली, ती जरूर जपावी. पण तिचा आधार घेऊन अस्पृश्यतेला आरोग्यशास्त्राचे प्रमाणपत्र देणे, हे निदान डॉक्टरने तरी करू नये. जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च २०२० मध्येच 'सामाजिक अंतर' हा शब्द मागे ठेवून 'शारीरिक अंतर' हा शब्द वापरायला सुरुवात केली. शरीरे लांब ठेवा, समाज नको, हा त्यातला अर्थ. आपल्याला तो इतरांपेक्षा लवकर कळायला हवा, कारण 'सामाजिक अंतर' म्हणजे काय हे आपण फार जवळून पाहिले आहे.

अर्थात, वैद्यकीय कारण असले म्हणजे सारे क्षम्य होते, असेही नाही. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ आली. रोग्यांना वेगळे काढणे शास्त्राला धरूनच होते. पण रँडच्या अधिपत्याखाली गोरे सोजीर घराघरात शिरले, माणसांना छावण्यांत नेले, आणि जी चीड उसळली तिचा शेवट २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंच्या गोळीत झाला. अंतर योग्य होते, पण त्यात माणसाचा मान राखला गेला नव्हता.

त्याच साथीत, त्याच पुण्यात दुसरे एक उदाहरण घडले. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव यांनी हडपसरजवळ प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः दवाखान्यात आणले, त्यात त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. आयुष्यभर ज्यांनी खोटे अंतर मोडले, त्यांनी शेवटी खरे अंतरही ओलांडले. प्रत्येकाने असे करावे असे मी म्हणणार नाही. पण कोणीतरी पलीकडे जातो, म्हणूनच पलीकडच्याला आपण टाकले गेलो असे वाटत नाही.

याची परीक्षा आमच्याकडेही झाली. दोह्याच्या कडेला इंडस्ट्रियल एरिया आहे. कारखाने, गोदामे आणि हजारो मजुरांच्या वसाहती. भारत, नेपाळ, बांगलादेश इथले हे लोक. एकेका खोलीत कित्येक जणांचा बिछाना. १७ मार्चपासून त्यातला मोठा भाग नाकाबंदी करून बंद केला गेला आणि पुढे टप्प्याटप्प्याने उघडला. ती सीमा त्यांना जपण्यासाठी होती, की आपल्याला त्यांच्यापासून जपण्यासाठी? मानवी हक्क संघटनांनी तेव्हा गर्दीच्या वसाहतींबद्दल चिंता व्यक्त केली, ती रास्तच होती. एकमेकांपासून दोन मीटर लांब राहा, हे दोन मीटरची मोकळी जागाच नसलेल्याला कसे सांगायचे? दुसरीकडे, तपासणी आणि उपचार सरकारने मोफत ठेवले, त्याच भागातले हझ्म मुबेरीक रुग्णालय कोरोनासाठी राखले गेले, आणि भारतीय दूतावासाच्या छत्राखालच्या संस्थांनी अडकलेल्यांपर्यंत शिधा पोचवला. यावरून मला एक कसोटी सापडली. अंतर योग्य आहे का, हे ओळखायचे तर त्या रेषेपलीकडे आपण काय पाठवतो ते पाहावे. अन्न, औषध, पगार, खबरबात जात असेल, तर ते विलगीकरण. काहीच जात नसेल, तर तो बहिष्कार, मग त्याला नाव कोणतेही द्या.

हीच कसोटी घरालाही लागते. आपण घरात सुरक्षित बसलो, तेव्हा दारात किराणा ठेवून जाणारा तरुण उन्हात फिरत होता. त्याच्यापासून लांब राहणे गरजेचे होते. पण त्याला थंड पाण्याची बाटली देणे, दोन शब्द बोलणे, त्याची तब्येत विचारणे यात कोणताच धोका नव्हता. सौ.ने ताट ठेवताना चार पावले मागे घेतली, पण ताटात मला आवडते म्हणून थालीपीठ होते. मला वाटते, त्या थालीपिठातच सारा फरक होता.

आता ते दिवस सरले आहेत. त्या वर्षी, २०२० च्या गणेशोत्सवात, लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्ती न बसवता आरोग्योत्सव करून रक्तदान व प्लाझ्मादान घडवले. देवापासूनचे अंतर पाळून माणसापर्यंत पोचण्याचा तो मार्ग होता. आज आपले मंडप पुन्हा भरतात, आरत्यांना दाटी होते, मास्क ड्रॉवरमध्ये पडून आहेत. पण अंतरे संपलेली नाहीत. मजूर वसाहतीतला आपला मराठी माणूस आणि टॉवरमध्ये राहणारे आपण यांच्यामध्ये आजही बरेच अंतर आहे, आणि त्याला कोणत्याही विषाणूचे कारण उरलेले नाही. यंदा प्रसादाची पाकिटे भरताना, त्यातली काही कुठवर जातात, एवढे आपण सर्वांनी जरूर पाहावे.