द्राक्षपट्ट्यातला बिअरचा ग्लास

तोडणीचा हंगाम आला की जुन्नर तालुक्यातल्या द्राक्ष बागायतदाराच्या खिशात रिफ्रॅक्टोमीटर असतो. मण्याच्या रसाचे दोन थेंब काचेवर पिळायचे, उजेडाकडे धरून डोळा लावायचा आणि साखर वाचायची. सोळा-अठरा ब्रिक्स दिसली की माल तयार. हेच यंत्र बिअर बनवणाराही वापरतो. मोड आणून वाळवलेल्या जवाच्या गोड रसात त्याला साधारण १२ ब्रिक्स दिसली, की यीस्टने ती साखर खाल्ल्यावर अल्कोहोल पाच टक्क्यांच्या आसपास येणार, हे त्याला आधीच कळतं.

म्हणजे बिअर हा शेतमालच. आणि शेतमालाची पारख याच तालुक्यातल्या ओतूर गावाला कुणी शिकवायला नको. कांद्याच्या उपबाजारात गोणी ओतली की पत्ती, रंग, ओलावा बघून भाव ठरवणारी माणसं इथं आहेत. बाटलीसमोर मात्र ही पारख गप्प बसते.

त्याचं कारण बाटलीच्या इतिहासात आहे. महाराष्ट्रात दारू दुकान बंद करण्यासाठी मतदान होतं, तेव्हा मतपत्रिकेवर उभी आणि आडवी अशा दोन बाटल्या असतात. आडव्या बाटलीसाठी राज्यभर गावोगावच्या बायका रांगेत उभ्या राहिल्या, घरातली कमाई उधळली जाताना बघून आणि मारहाण सोसून. ओतूरला तर मांडवीकाठी कपर्दिकेश्वराची श्रावणी सोमवारची यात्रा भरते, आणि तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधीही इथलीच. अशा गावात घरी बाटली उघडणं सहज नाही, आणि त्या संकोचाचा मान राखलाच पाहिजे. पण संकोचाचा एक परिणाम वाईट झाला. लपून प्यायचं म्हणजे घाईत प्यायचं. घाईत प्यायची म्हणून कडक हवी, आठ टक्क्यांपर्यंतची, आणि बर्फासारखी गार, म्हणजे चव लागायलाच नको. कल्याण-नगर रस्त्यावर, माळशेजच्या वाटेवर, आडोशाला गाडी लावून रिचवली जाते ती हीच बिअर. तिथं चवीला जागा नाही, नशेला आहे.

छोट्या ब्रुअरीत बनणारी क्राफ्ट बिअर याच्या उलट बाजूला उभी आहे. पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ सुरू झाली, ती देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक मानली जाते. तिथली बिअर तिथंच प्यायची असे. करोनाकाळात राज्याने ती भरून घरी न्यायला परवानगी दिली. आता छोट्या ब्रुअरीजच्या बाटल्या आणि कॅनही दुकानात मिळतात. त्यांची किंमत जास्त असते, तेव्हा एकच बाटली आणावी आणि ती नीट प्यावी, हे साधं शहाणपण.

नीट म्हणजे कशी? ग्लासला तेलाचा किंवा साबणाचा अंश राहिला असेल तर फेस टिकत नाही, म्हणून आधी तो स्वच्छ पाण्याने खळखळून धुवायचा. ग्लास तिरका धरून बाटली हळू ओतायची, अर्ध्याच्या पुढे गेल्यावर सरळ करायची. वर दोन बोटं फेस हवा. फेस म्हणजे माप मारलं असं समजायचं कारण नाही, त्याच्यातूनच वास वर येतो. गव्हाच्या जर्मन धाटणीच्या बिअरमध्ये पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. त्यात केळंही नसतं आणि लवंगही नसते, ती सगळी यीस्टची करामत. बाटलीत यीस्टचा गाळ असेल तर शेवटचा थोडा भाग हलवून ओतावा, गढूळपणा हा इथं दोष नव्हे. फ्रीजमधून काढून दहा मिनिटं थांबावं, कारण फार गार बिअरचा वास नाकाला कळत नाही. मग आधी हुंगायची, मग छोटा घोट, आणि गिळल्यावर जिभेच्या मागे राहणारा, बिअरमध्ये घातलेल्या हॉप्सच्या फुलांचा कडवटपणा किती वेळ टिकतो ते बघायचं. अशी एक बाटली संपायला अर्धा-पाऊण तास लागतो. दुसरीची गरज बहुधा उरत नाही.

या मातीला फेसाळ पेयाचं वावडं नव्हतंच. ओतूरपासून जवळच्या नारायणगावात शामराव चौगुले यांच्या इंडेज कंपनीने १९८०च्या दशकात शॅम्पेनच्या पद्धतीने ‘ओमर खय्याम’ ही फेसाळ वाइन बनवली आणि ती परदेशात विकली. कंपनी पुढे कर्जात बुडाली, पण वाइनची द्राक्षं पिकवण्याचं आणि बाटली पारखण्याचं ज्ञान या भागात एकदा येऊन गेलं आहे.

कायद्याने बिअरसाठी वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत आणि मद्यसेवनाचा परवानाही लागतो. ज्याला प्यायची नाही त्याने पिऊ नये, यावर चर्चाच नको. ज्याला घ्यायची आहे त्याने दुकानात आधी बाटली भरल्याची तारीख वाचावी. उन्हात मांडलेली बाटली घेऊ नये, कारण प्रकाशाने हॉप्सचा वास कुजका होतो आणि हिरव्या किंवा पांढऱ्या काचेतून हे तपकिरी काचेपेक्षा लवकर घडतं. दुकानदाराला सावलीतली, ताजी बाटली मागावी. द्राक्षाची पेटी घेताना आपण एवढं बघतोच.