दिवसाची हजेरी

सकाळी आठच्या सुमारास कोणत्याही शहरातल्या मजूर नाक्यावर उभे राहून पाहावे. थापी, ओळंबा, रंगाचे ब्रश, रिकामी घमेली घेऊन माणसे वाट पाहत असतात. ठेकेदार येतो, नजरेने माणसे पारखतो, चौघांना टेम्पोत बसवून नेतो. धडधाकट तरुण आधी जातात. दहा-अकरापर्यंत नाका ओसरतो आणि मग मागे राहिलेले दिसू लागतात. पिकल्या केसांचा गवंडी, कडेवर मूल असलेली बाई, नुकताच तापातून उठलेला बिगारी. दुपारी तेही घरून आणलेला डबा घेऊन माघारी फिरतात.

प्रभू येशूने सांगितलेला द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांचा दाखला अशाच नाक्यावर घडतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 20 व्या अध्यायात तो आहे. मळ्याचा धनी पहाटेच बाजारात जातो, एका दिवसाचा एक दीनार ठरवून मजूर आणतो. नऊ वाजता पुन्हा जातो, बाराला जातो, तीनला जातो. सूर्य कलल्यावर, पाच वाजता, आणखी एकदा जातो. अजूनही माणसे उभीच आहेत. दिवसभर रिकामे का राहिलात, असे तो विचारतो. आम्हाला कोणी कामावर लावलेच नाही, असे ते सांगतात.

या उत्तरापाशी थोडे थांबावे. ही माणसे आळशी असती तर केव्हाच घरी जाऊन निजली असती. ती पाच वाजेपर्यंत उन्हात उभी राहिली. काम करून थकलेल्या माणसाला निदान झोप लागते. कामाची वाट पाहून थकलेल्या माणसाला रिकाम्या हाताने घरात पाऊल टाकावे लागते.

संध्याकाळी धनी सगळ्यांना सारखाच एक दीनार देतो. पहाटे आलेले कुरकुरतात. पण त्यांच्या ठरलेल्या हजेरीतून त्याने काहीही कापलेले नाही. त्यांना न्याय पुरेपूर मिळाला आहे. शेवटच्यांना त्याने स्वतःच्या पदरचे दिले, कारण त्यांच्याही घरी चूल पेटायची होती. पोट तासांचा हिशेब ठेवत नाही, हे त्या धन्याला कळले होते.

या दाखल्याने पुढे आपल्या देशालाही स्पर्श केला. जॉन रस्किन या इंग्रज लेखकाने 1860 साली अर्थशास्त्रावर चार निबंध लिहिले. त्यांचे शीर्षक त्याने धन्याच्या बोलण्यातूनच घेतले होते. 1904 मध्ये गांधीजींनी त्या निबंधांचे पुस्तक जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना रेल्वेत वाचले आणि त्या रात्री त्यांना झोप आली नाही. त्यातूनच फिनिक्स आश्रम उभा राहिला. तिथे वर्ण किंवा देश न पाहता प्रत्येकाला महिना तीन पौंड असे सारखेच वेतन ठरले. 1908 मध्ये गांधीजींनी त्या पुस्तकाचा सारांश गुजरातीत लिहिला आणि त्याला नाव दिले ‘सर्वोदय’. विनोबांमुळे मराठी घरांत रुजलेल्या या शब्दाचे मूळ पाच वाजेपर्यंत बाजारात उभ्या राहिलेल्या मजुरांपर्यंत पोहोचते.

आपल्यापैकी बहुतेकांकडे मळा नाही. पण आपण सगळेच कोणाचे तरी धनी असतो. घरी धुणीभांडी करणारी ताई, नळ दुरुस्त करणारा, सोसायटीचा रखवालदार, भिंत रंगवून देणारा, यांचा पैसा आपल्या हातून जातो. ‘सुटे नाहीत, उद्या या’ हे आपण सहज बोलून जातो. मुलगा आजारी होता म्हणून ताईंचे दोन खाडे झाले, तर महिन्याच्या शेवटी ते आठवणीने कापतो. आपल्या स्वतःच्या भरपगारी रजा मात्र आपल्याला हक्काच्या वाटतात.

मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये, अशी स्पष्ट आज्ञा लेवीयाच्या 19 व्या अध्यायात आहे. अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि तो आक्रोश देवाच्या कानी जातो, असे याकोब आपल्या पत्रात बजावतो. रविवारी मिस्साला किंवा उपासनेला बसलेल्या माणसाने दानपेटीत नोट टाकण्यापूर्वी कोणाची हजेरी आपल्याकडे अडकली आहे का, हे आठवावे. दान हे दयेचे काम आहे, मजुरी हे देणे आहे. देणे थकवून केलेले दान देवापुढे कोणत्या तोंडाने ठेवायचे?

आज दिवस मावळण्यापूर्वी एवढे करू या. ज्याचे देणे आहे त्याला बोलावून, नाव घेऊन, पूर्ण पैसे हातात देऊ या. घरातल्या आजारपणामुळे झालेला ताईंचा खाडा या महिन्यापासून कापू नये. आणि घरात काही काम निघाले, तर नाक्यावर शेवटी उरलेल्या माणसाला आधी विचारू या.