ओसरी कोणती निवडावी?

स्वातंत्र्य मागणे जितके सोपे, तितके ते वापरणे सोपे नसते. ज्याच्यापाशी एकच सदरा आहे तो सकाळी लवकर तयार होतो. ज्याच्या कपाटात वीस आहेत तो कपाटापाशीच घुटमळतो. तरी त्यांतले एकोणीस काढून घेतो म्हटले, तर तो भांडायला उठेल आणि त्याचे भांडणे रास्तही असेल. निवड त्रास देते, आणि तरीही ती आपल्याला हवी असते. हे कोडे तत्त्वज्ञांच्या ग्रंथांतच भेटते असे नाही. अलीकडे ते मला एका घरगुती वस्तूत भेटले. ती वस्तू म्हणजे संगणक.

पुणतांब्यासारख्या गोदाकाठच्या गावातही आज पुष्कळ घरांच्या कोपऱ्यात एखादा जुना संगणक असतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबविली. आणि बरीचशी जुनी यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. यंत्र धडधाकट आहे, पण आतल्या प्रणालीचा धनी म्हणतो की आता जबाबदारी आमची नाही. अशा वेळी घरातला एखादा जाणता तरुण लिनक्स सुचवितो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली मुक्त प्रणालीचा संकल्प सोडला आणि १९९१ साली लिनस टॉरव्हाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने तिला लागणारा गाभा लिहिला. ही प्रणाली कोणीही वापरावी, उघडून पाहावी, बदलावी, शेजाऱ्यास द्यावी. हे ऐकून घरातली वडीलधारी माणसे सुखावतात आणि पुढच्याच प्रश्नाला गोंधळतात. तरुण विचारतो, "काका, डेस्कटॉप कोणता टाकू?"

डेस्कटॉप म्हणजे संगणकाची ओसरी. माजघर, कोठार, विहीर आत असते. आल्यागेल्याला दिसते ती ओसरी. खिडक्या कशा उघडतात, कामांची यादी वर की खाली, घड्याळ कोठे, हे सारे ती ठरविते. विंडोजमध्ये धन्याने बांधून दिलेली एकच ओसरी असते. लिनक्सच्या घराला मात्र केडीई, ग्नोम, एक्सएफसीई, सिनॅमन, माटे अशा कितीतरी ओसऱ्या जोडता येतात.

इतक्या ओसऱ्या कशाला झाल्या? इथे गोष्टीला नीतीचा रंग चढतो. १९९६ साली मॅथिआस एटरिच या जर्मन विद्यार्थ्याने केडीईचे काम आरंभिले. काम देखणे होते. परंतु ज्या क्यूटी नावाच्या साहित्यावर ते उभे होते, त्याचा परवाना तेव्हा पुरता मुक्त नव्हता. काहींना वाटले, चालते आहे ना, मग झाले! काहींना वाटले, जमीन दुसऱ्याची असेल तर घर आपले कसे? या दुसऱ्या मंडळींपैकी मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना या मेक्सिकोच्या तरुणांनी १९९७ साली ग्नोमचा पाया घातला. पुढे २००० साली क्यूटीदेखील मुक्त परवान्याखाली आले. वादाचे मूळ कारण सरले, पण तोवर दोन्ही घरांत माणसे नांदू लागली होती.

मतभेद व्यक्त करण्याच्या तऱ्हा अनेक असतात. आमच्या पुणतांब्याने २०१७ साली १ जूनपासून शेतकऱ्यांच्या संपाची हाक दिली. तिथे हत्यार होते ते माल शहराला न देण्याचे. ग्नोमच्या मंडळींनी निराळी वाट धरली. त्यांनी कोणाचे काम अडविले नाही; शेजारी दुसरे घर बांधले. ही वाट त्यांना खुली होती, कारण त्यांच्या मालाला तोटा नसतो. एकाने घेतला म्हणून दुसऱ्याचा कमी होत नाही. शेतकऱ्याला ती वाट नाही. त्याचा कांदा एकदाच विकतो. तेव्हा एकाचा मार्ग थोर आणि दुसऱ्याचा हट्टी असा निवाडा करण्यापूर्वी कोणापाशी कोणती साधने होती हे पाहणे बरे.

आता या दोन घरांचे स्वभाव पाहा. केडीईच्या घरी पाहुण्यापुढे फराळाचे सगळे डबे उघडून ठेवतात. चकली घ्या, चिवडा घ्या, तिखट कमी हवे तर तसेही सांगा. ग्नोमच्या घरी ताट वाढून येते. यजमानाने विचारपूर्वक मोजके पदार्थ ठरविलेले असतात, आणि पाहुण्याने निवांत जेवावे एवढीच अपेक्षा असते. यांत पाहुण्याचा मान अधिक कोणी राखला? पहिला म्हणेल, मी त्याच्या आवडीवर विश्वास ठेवला. दुसरा म्हणेल, मी त्याचे कष्ट वाचविले. दोघेही खरे बोलतात. दोघांच्याही चांगुलपणाला एकेक खोड आहे: पहिल्याच्या विश्वासात कधी कधी अंग काढून घेणे असते, आणि दुसऱ्याच्या काळजीत अधिकार गाजविणे.

२०११ साली ही दुसरी खोड दिसून आली. ग्नोमची तिसरी आवृत्ती आली आणि जुनी मांडणी एकदम बदलली. कर्त्यांचा हेतू सुधारणेचाच होता, पण ज्या गृहिणीचा हात अंधारातही मिठाच्या बरणीवर अचूक जातो, तिच्या स्वयंपाकघरातल्या फळ्या कोणी तिला न विचारता हलविल्या तर ती "वा, किती सोयीचे!" असे म्हणेल काय? सवय ही केवळ आळसाची बहीण नव्हे. वर्षानुवर्षांच्या श्रमाने हाताला आलेले ते शहाणपण असते. पुष्कळांनी कुरकुर केली. आणि अर्जेंटिनातल्या एकाने जुन्या ग्नोमचीच प्रत घेऊन ती पुढे चालविली. तिला नाव दिले माटे, त्या बाजूच्या एका आवडत्या पेयाचे. सुधारणा करणाऱ्यांचा हक्कही राहिला आणि जुन्यात रमणाऱ्यांचाही. धन्याच्या घरात हे घडले नसते.

कोणी म्हणेल, एवढी शक्ती एका जागी लावली असती तर केवढे काम झाले असते! हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. दहा ठिकाणी एकच भिंत दहांदा बांधली जाते, आणि नवखा माणूस दारातूनच परत फिरतो. परंतु त्या दहाजणांना एकत्र राबविण्यासाठी नऊजणांना गप्प बसवावे लागले असते, हेही हिशेबात धरले पाहिजे.

खरा पेच मात्र दुसऱ्यासाठी निवडताना पडतो. मी शाळेत शिकवितो. मुलापुढे सगळे डबे उघडले तर ते खेळतच बसते. एकच ताट वाढले तर जगात एवढेच पदार्थ आहेत असे त्याला वाटू लागते. माझ्या मते, शिक्षकाने किंवा वडीलधाऱ्याने निवड अवश्य करावी, पण निवड झाली आहे हे लपवू नये. "हे मी तुझ्यासाठी ठरविले आहे, या या कारणाने; दुसरेही आहेत, आणि तुला कळू लागले की बदल," एवढे तीन शब्द सांगितले की पुरे. न सांगता केलेली निवड काही दिवसांनी निसर्गनियमासारखी वाटू लागते. जातीपासून हुंड्यापर्यंत कितीतरी गोष्टी आपल्याकडे अशाच निसर्गनियम होऊन बसल्या.

आणि स्वतःसाठी? आमच्या गावी चांगदेवांची समाधी आहे. त्यांची कथा घरोघरी ठाऊक आहे: ज्ञानदेवांना पत्र लिहायचे, पण वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा की ज्ञानाने थोर म्हणून नमस्कार, हे ठरेना, अखेर कोराच कागद धाडला. त्या कोऱ्या कागदाला ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांचे उत्तर दिले. पण कोरा कागद वाचणारा ज्ञानदेव प्रत्येकाला भेटत नाही. आपण न ठरविलेले बहुधा दुसराच कोणी ठरवून टाकतो, आणि तो त्याच्या सोयीने ठरवितो.

म्हणून आधी एवढेच पाहावे की ही निवड परत घेता येते की नाही. विवाह, जमिनीची विक्री, मुलाचे शिक्षण सोडविणे, यांना महिने खर्च करावेत. ओसरी बदलायला एक संध्याकाळ पुरते. पेनड्राइव्हवरून ती आधी चालवूनही पाहता येते, आणि युनिकोडमध्ये लिहिलेले मराठी पत्र कोणत्याही ओसरीवर तेच राहते. यंत्र जुने असेल तर एक्सएफसीईसारखी हलकी घ्यावी, विंडोजचा हात असेल तर सिनॅमन घ्यावी, आणि कामाला लागावे. यंदा सुटीला मुले घरी येतील, जुना संगणक पुसून सुरू करतील. त्यांना एवढेच सांगावे, की टाकायचे ते टाका. पण ज्या आजीला त्यावर नातवाचे फोटो पाहायचे आहेत, तिला शेजारी बसवून घड्याळ कोठे हवे ते आधी विचारा.