खिचडीच्या आधीचे तास

पनवेल परिसरातल्या रोडपालीत दिवस लवकर सुरू होतो. तळोजा एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणारे, कळंबोलीच्या लोखंड बाजारातले हमाल, सिडकोच्या इमारतींत धुणीभांडी करणाऱ्या बायका, सगळे उजाडताच घराबाहेर पडतात. शाळा भरते त्यानंतर. घरी राहिलेलं मूल थोरल्या बहिणीने केलेला चहा पितं; सोबत पाव किंवा खारी असली तर असते. पाच रुपयांचा वेफर्सचा पुडा हीच पुष्कळांची न्याहारी. यात आईबापांचा निष्काळजीपणा नाही. पोळ्या लाटत बसलं तर कामाला उशीर होतो, आणि उशीर झाला की खाडा पडतो.

हेच मूल वर्गात जांभया देतं, शेजाऱ्याला चिमटे काढतं, हातचा विसरतं. आपण त्याला मंद म्हणतो, वांड म्हणतो. भुकेला स्वभावाचं नाव देणं हा त्या मुलावरचा पहिला अन्याय आहे, आणि तो आपण सगळे सहज करतो.

शालेय पोषण आहाराचं मोल मोठं आहे. १९९५ साली देशात ही योजना सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये शिजवलेलं अन्न देण्याचा आदेश दिला. आज पहिली ते पाचवीच्या मुलाला त्यातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असा नियम आहे. पण खिचडी मिळते मधल्या सुटीत. त्याआधीचे तास, ज्यांत बहुधा गणित आणि वाचन होतं, रात्रीच्या जेवणावरच काढायचे असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय घेतला. मुलांच्या झोपेसाठी तो चांगलाच होता. झोपेचा विचार झाला तसा सकाळच्या पोटाचाही व्हायला हवा होता. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तर न्याहारीचा स्पष्ट उल्लेख आहे.

तामिळनाडूने वाट पाहिली नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये दीड हजारांवर सरकारी प्राथमिक शाळांत तिथे सकाळचा उपमा, पोंगल, खिचडी सुरू झाली, आणि पुढच्याच वर्षी राज्यातल्या सगळ्या सरकारी प्राथमिक शाळांत पोचली. याचा उपयोग होतो का, हे इतरत्रही तपासलं गेलं आहे. जमैकाच्या खेड्यांतल्या शाळांत वर्षभर न्याहारी दिल्यावर मुलांची हजेरी सुधारली आणि लहान मुलांचं गणितही. इंग्लंडमध्ये गरीब वस्त्यांतल्या शाळांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. तिथे न्याहारी मिळणाऱ्या शाळांतली सहा-सात वर्षांची मुलं सुमारे दोन महिन्यांच्या अभ्यासाइतकी पुढे गेली. मला यात सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. वर्गातली वागणूक सुधारली, त्यामुळे न्याहारीला न येणाऱ्या मुलांनाही फायदा झाला असावा, असं अभ्यासकांना दिसलं. म्हणजे शेजारचं मूल उपाशी असेल, तर डबा खाऊन आलेल्या मुलाचाही तास वाया जातो. म्हणूनच न्याहारी सगळ्यांना द्यावी. गरीब कोण, हे ठरवायला सात वर्षांच्या पोरांची वेगळी रांग लावू नये.

‘मग आईबापांनी काय करायचं?’ हा प्रश्न हमखास येतो. घरचं खाऊन येणाऱ्याला कोणी अडवत नाही. पण सकाळी घरी कोणी नसतं, याची शिक्षा मुलाला का?

आपल्याकडे एके काळी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. पुढे मोठे झालेल्या कित्येकांच्या मनात त्या परक्या ओसरीवरचं अवघडलेपण आयुष्यभर राहिलं. याउलट साताऱ्याच्या बोर्डिंगात कर्मवीर भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवलं, आणि त्या पंगतीत खंड पडू नये म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. या महाराष्ट्रात जानेवारी २०२५ मध्ये पोषण आहारातल्या अंड्यांचा आणि साखरेचा निधी थांबला. अंडी आणि साखर लोकसहभागातून मिळवा, असं शाळांना सांगण्यात आलं. दात्यांचा अनादर करायचा नाही. पण दाता मिळाला तर अंडं, नाही तर नाही, हे पुन्हा वार लावणंच झालं. मुलाचं अन्न कुणाच्या वाढदिवसाच्या देणगीवर अवलंबून ठेवू नये.

आणखी एक. न्याहारी सुरू करायची तर ती शाळेतल्या स्वयंपाकी ताईंच्या फुकट कष्टांवर नको. तुटपुंज्या मानधनात त्या आज दुपारचं रांधतात. पहाटेच्या कामाचा वेगळा मोबदला ठरवूनच हे व्हावं.

सुरुवात पनवेल परिसरातल्या एखाद्या शाळेतूनही होऊ शकते. आपल्या जवळच्या प्राथमिक शाळेत या आठवड्यात जा, सकाळी काही न खाता येणारी मुलं किती, हे शिक्षकांना विचारा. तो आकडा शाळा व्यवस्थापन समितीसमोर ठेवा, आणि तिच्या ठरावासह शिक्षण विभागाकडे लेखी पाठवा.